मायकल कोहेनचे कागद

९ एप्रिल २०१८, सोमवार. एफबीआयच्या माणसांनी न्यूयॉर्कमध्ये मायकल कोहेनचं ऑफिस, पार्क अ‍ॅव्हेन्यूवरचं घर, तो तेव्हा राहत होता ती लोज रीजन्सी हॉटेलातली खोली आणि बँकेतला लॉकर, सगळीकडे झडती घेतली. कोहेन हा तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा खासगी वकील. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी ट्विट केलं की वकील-अशील गोपनीयता मेली. हे वाक्य आजही कुठे ना कुठे ऐकू येतं, आणि ते चूक आहे. या प्रकरणात गोपनीयतेचा नियम जितक्या काटेकोरपणे पाळला गेला तितका फार थोड्या प्रकरणांत पाळला जातो. कोहेन बुडाला तो जे कागद मुळात गोपनीय नव्हतेच त्यांच्यामुळे: आयकराची विवरणपत्रं, बँकेचा कर्जाचा अर्ज आणि वर्षभराची बिलं.

छापा पडला त्या दिवशी तपास सुरू झाला, असंही अनेकांना वाटतं. विशेष सरकारी वकील रॉबर्ट म्युलर यांच्या चमूनं कोहेनच्या जीमेल खात्यासाठी पहिलं वॉरंट जुलै २०१७मध्येच घेतलं होतं, म्हणजे नऊ महिने आधी. वॉरंट कंपनीला जातं, खातेदाराला पत्ता लागत नाही. म्युलर यांचं काम २०१६च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाच्या तपासापुरतं होतं. बँक, टॅक्सी आणि निवडणुकीतले पैसे त्या चौकटीत बसत नव्हते, म्हणून तो भाग मॅनहॅटनच्या फेडरल सरकारी वकिलांकडे, म्हणजे सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्ककडे, सोपवला गेला. तिथले प्रमुख जेफ्री बर्मन यांनी स्वतःला प्रकरणातून बाजूला ठेवलं आणि सूत्रं उपप्रमुख रॉबर्ट खुझामी यांच्याकडे आली. एप्रिलमध्ये दारावर थाप पडली तेव्हा सरकारजवळ कोहेनच्या ईमेलचा गठ्ठा आधीच होता. नेमकं काय शोधायचं हे ठरवूनच माणसं आली होती.

वकिलाच्या ऑफिसची झडती घ्यायची तर अमेरिकेच्या न्याय खात्याचा स्वतःचा वेगळा नियम आहे. जस्टिस मॅन्युअलमध्ये तो ९-१३.४२० या क्रमांकाखाली सापडतो. समन्स पाठवून कागद मिळणार असतील तर झडती टाळायची. झडती घ्यायचीच असेल तर जिल्ह्याच्या प्रमुख सरकारी वकिलाची परवानगी हवी आणि वॉशिंग्टनच्या क्रिमिनल डिव्हिजनशी सल्लामसलतही हवी. वॉरंट शक्य तितकं अरुंद लिहायचं आणि गोपनीय मजकूर वेगळा काढायची पद्धत आधीच ठरवून ठेवायची. एवढं झाल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर शपथपत्र जातं. मग समन्स का नाही चाललं? समन्स मिळालेला माणूस काय द्यायचं ते स्वतः निवडतो, आणि अधेमधे काही नष्ट झालं तर ते कळायला वाव राहत नाही. इथे कागद फाडायच्या यंत्रातल्या पट्ट्या जप्त झाल्या. एफबीआयनं त्या जुळवून १६ पानं परत उभी केली. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलसारख्या अ‍ॅपमधले ७३१ पानांचे संदेश आणि कॉलच्या नोंदी फोनमधून काढून घेतल्या. पुढे वॉरंटचे कागद खुले झाले तेव्हा दिसलं की फोन उघडायला कोहेनचं बोट किंवा चेहरा वापरण्याची परवानगीही मागितलेली होती. फोन कुलूपबंद आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता गोपनीयता म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

संरक्षण माणसाला नसतं, वकिलाच्या खोलीला किंवा कपाटालाही नसतं. ते असतं विशिष्ट संवादाला. तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: बोलणं वकील आणि अशील यांच्यात झालेलं असावं, ते तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये असं दोघांना वाटत असावं, आणि हेतू कायद्याचा सल्ला घेण्याचा किंवा देण्याचा असावा. एक अट गळाली की संरक्षण गेलं. वकिलानं अशिलासाठी जमीन शोधली, पत्रकाराला फोन केला, कुणाला पैसे पोचवले, तर ती वकिली नव्हे, कोणीही करू शकेल असा धंदा किंवा दलाली. शिवाय चौथी एक गोष्ट आहे. सल्लाच गुन्हा किंवा फसवणूक पार पाडण्यासाठी घेतला असेल तर संरक्षण लागूच होत नाही. अशिलाचं नावसुद्धा सहसा गोपनीय नसतं.

हे शेवटचं कोहेनला भर न्यायालयात कळलं. त्याच्या बाजूनं लेखी सांगण्यात आलं की २०१७ आणि २०१८मध्ये त्याचे निदान दहा ग्राहक होते, पण त्यांतल्या सात जणांना त्यानं व्यवसायाचा सल्ला दिला होता. वकिलीचे अशील उरले तीन: ट्रम्प, रिपब्लिकन पक्षासाठी निधी जमवणारे एलियट ब्रॉइडी, आणि एक नाव सांगायला नको असलेला तिसरा. १६ एप्रिलला न्यायाधीश किंबा वुड यांनी ते नाव उघड करायला लावलं. निघाले फॉक्स न्यूजचे निवेदक शॉन हॅनिटी. हॅनिटींनी लगेच सांगितलं की कोहेननं आपलं वकीलपत्र कधी घेतलंच नव्हतं आणि बिलही कधी दिलं नव्हतं. ज्या वकिलाच्या कामाचा मोठा हिस्सा वकिलीचा नाहीच, त्याच्या लाखो फायलींवर गोपनीयतेची चादर कशी टाकणार?

तरीही छाननी झाली, आणि ती कशी झाली ते समजून घेण्याजोगं आहे. जप्त मालात कागदांची खोकी होती आणि फोन, आयपॅड, हार्ड डिस्क अशी बरीच उपकरणं. सरकारचं म्हणणं होतं की आमचाच एक वेगळा चमू, ज्याचा तपासाशी संबंध नाही, गोपनीय मजकूर बाजूला काढेल. कोहेनचं म्हणणं, आधी माझे वकील पाहतील. ट्रम्प यांनी स्वतंत्र वकील उभे करून हक्क सांगितला, कारण गोपनीयता अशिलाची असते, वकिलाची नव्हे. वुड यांनी दोन्ही टोकं सोडली आणि निवृत्त फेडरल न्यायाधीश बार्बरा जोन्स यांना स्पेशल मास्टर, म्हणजे न्यायालयाच्या वतीनं छाननी करणारी तटस्थ व्यक्ती, म्हणून नेमलं. मग क्रम असा लागला: सरकार मालाच्या प्रती देतं, कोहेन, ट्रम्प आणि ट्रम्प ऑर्गनायझेशन यांचे वकील एकेका नगावर दावा लावतात, ज्यावर दावा नाही ते थेट तपासाकडे जातं, ज्यावर दावा आहे त्यावर जोन्स निर्णय देतात, तो मान्य नसेल तर वुड यांच्याकडे आक्षेप. मात्र आक्षेपातली कायदेशीर कारणमीमांसा जाहीर दाखल करावी लागेल, अशी अट वुड यांनी घातली. माझ्या मते सगळ्यात परिणामकारक हीच अट ठरली, कारण जाहीरपणे मांडावा लागणारा दावा माणूस दोनदा विचार करून करतो.

जून २०१८च्या पहिल्या अहवालातले आकडे बोलके आहेत. कागदी नग ६३९, पानं १२,५४३. त्यांतले पूर्ण किंवा अंशतः गोपनीय निघाले १४. दोन फोन आणि आयपॅडमधले २,९१,७७० नग. त्यांत गोपनीय १४८, आणि अगदी खासगी म्हणून आणखी ७. म्हणजे साधारण अठराशे नगांमागे एक गोपनीय नग. ध्वनिफितींचं त्याहून वेगळं घडलं. १२ फितींवरचा गोपनीयतेचा दावा मागे घेतला गेला आणि त्या सरकारकडे गेल्या. त्यांतली एक सप्टेंबर २०१६ची, कोहेननं ट्रम्प यांच्याशी बोलताना गुपचूप केलेली. ट्रम्प यांच्याशी आपले संबंध होते असं सांगणाऱ्या मॉडेल केरन मॅकडूगल यांच्या कहाणीचे हक्क विकत घेण्याबद्दलची. न्यूयॉर्कमध्ये संभाषणातल्या एकाची संमती असली तरी ध्वनिमुद्रण चालतं, त्यामुळे ते बेकायदा नव्हतं. पण अशिलाचं बोलणं त्याच्या नकळत टिपून ठेवणारा वकील स्वतःच्या कपाटात साक्षीदार पोसत असतो.

इथे आपल्याकडचं थोडं. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३मध्ये कलम १३२ झालं आहे. नियम तोच आणि अपवादही तोच: बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेल्या बोलण्याला संरक्षण नाही. ईडीनं ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवल्यावर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं ३१ ऑक्टोबर २०२५ला निकाल दिला. अशिलाच्या प्रकरणात वकिलाला समन्स काढायचं तर त्या अपवादात बसणारं कारण समन्समध्ये स्पष्ट लिहायला हवं आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. वकिलाचं डिजिटल उपकरण न्यायालयासमोरच हजर करायचं. स्पेशल मास्टरची पद्धत आपल्याकडे नाही, पण काळजी तीच आहे.

परत न्यूयॉर्कला. २१ ऑगस्ट २०१८ला कोहेननं न्यायाधीश विल्यम पॉली यांच्यासमोर आठ आरोप कबूल केले. पाच करचुकवेगिरीचे, २०१२ ते २०१६ प्रत्येक वर्षाचा एक. एक बँकेला खोटी माहिती दिल्याचा. दोन निवडणूक निधीचे.

करांचा भाग अगदी साधा आहे. चाळीस लाख डॉलरच्या वरचं उत्पन्न दाखवलेलं नव्हतं. त्यातले चोवीस लाखांहून जास्त एका टॅक्सीमालकाला दिलेल्या कर्जावरचं व्याज. बाकी टॅक्सी परवान्यांचं उत्पन्न, फ्लोरिडातल्या एका जमिनीच्या सौद्याची एक लाखाची दलाली, सल्लागारीचे दोन लाखांवर, आणि एक महागडी फ्रेंच हँडबॅग विकून आलेले तीस हजार. बुडवलेला कर सुमारे चौदा लाख. असलं उत्पन्न दडवणाऱ्याला वाटतं की ज्याचा कागद सरकारकडे परस्पर जात नाही ते कुणाला दिसणार नाही. पण पैसे देणाऱ्याच्या वहीत नोंद असते आणि घेणाऱ्याच्या खात्यात जमा असते. दोन्ही समोर ठेवल्या की विवरणपत्रातलं भोक दिसतं.

बँकेचा आरोप सगळ्यात मोक्याचा, कारण तो दोन प्रकरणांना जोडतो. घर तारण ठेवून पाच लाख डॉलरची उचल मिळावी म्हणून कोहेननं अर्ज केला आणि त्यात टॅक्सी परवान्यांवरचं एक कोटी चाळीस लाखांहून जास्त कर्ज दडवलं. मर्यादा मंजूर झाली. निवडणुकीच्या दोन आठवडे आधी, ऑक्टोबर २०१६मध्ये, त्याच खात्यातून १,३१,००० डॉलर काढले, इसेन्शियल कन्सल्टंट्स नावाच्या नव्याकोऱ्या कंपनीच्या खात्यात घातले, आणि त्यातून १,३०,००० पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांच्या वकिलाला पाठवले. ट्रम्प यांच्याशी संबंध आल्याचं डॅनियल्स यांनी बोलू नये म्हणून. ट्रम्प यांनी तो संबंध कायम नाकारला आहे. तेव्हा एका व्यक्तीला एका उमेदवारासाठी एका निवडणुकीत २,७०० डॉलरच देता येत होते. निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराशी संगनमतानं केलेला खर्च हीदेखील देणगीच धरतात. म्हणून १,३०,००० ही मर्यादेबाहेरची देणगी. मॅकडूगल यांना नॅशनल एन्क्वायरर या सनसनाटी साप्ताहिकाच्या मालक कंपनीनं दिलेले १,५०,००० ही कंपनीची देणगी, जी पूर्णच बंद आहे. त्या कंपनीनं सरकारशी खटला न भरण्याचा करार केला आणि साक्ष दिली.

परतफेडीचं गणित मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं आहे, कारण पुढचा सगळा खटला त्यावर उभा राहिला. १,३०,००० मूळ. त्यात तंत्रज्ञानाच्या एका कामाचे ५०,००० मिळवले, झाले १,८०,०००. ही रक्कम कोहेनच्या हाती उत्पन्न म्हणून येणार, तिच्यावर कर बसणार, म्हणून दुप्पट केली: ३,६०,०००. वर ६०,००० बोनस. एकूण ४,२०,०००. भागिले बारा, महिना ३५,०००. २०१७मध्ये कोहेन दर महिन्याला बिल पाठवायचा आणि त्यावर लिहायचा, करारानुसार रिटेनर, म्हणजे वकिलाची ठरलेली नियमित फी. असा रिटेनर करार नव्हताच.

खरी उधारी फेडायची असेल तर तिच्यावर कर लागत नाही, दुप्पट करायची गरजच नाही. रक्कम फुगवली याचा अर्थ परतफेडीला पगाराचं रूप द्यायचं होतं. फेडरल खटल्यात हा निवडणूक निधीचा मुद्दा होता. मॅनहॅटनच्या राज्य सरकारी वकिलांनी तोच पैसा खोट्या हिशेबनोंदींचा गुन्हा म्हणून मांडला. ११ बिलं, १२ खातेनोंदी, ११ चेक: ३४ आरोप. ३० मे २०२४ला ज्युरीनं ट्रम्प यांना सगळ्यांत दोषी धरलं. १० जानेवारी २०२५ला न्यायाधीश हुआन मर्शान यांनी कोणतीही शिक्षा न देता त्यांना सोडलं. उलटतपासणीत कोहेननं हेही कबूल केलं की त्या तंत्रज्ञानाच्या कामाचे पन्नास हजार त्यानं घेतले, पण त्या कंपनीला वीसेक हजारच दिले. मुख्य साक्षीदार स्वतःच्या अशिलाकडून चोरी केल्याचं सांगतो तेव्हा सरकारी वकिलांना कागदांचाच आधार उरतो. तो भक्कम होता, म्हणून खटला टिकला.

नोव्हेंबर २०१८मध्ये कोहेननं दुसरा गुन्हा कबूल केला, म्युलर यांच्याकडे: अमेरिकन काँग्रेसला खोटं सांगितल्याचा. मॉस्कोतल्या ट्रम्प टॉवरची बोलणी जानेवारी २०१६मध्ये संपली असं त्यानं लिहून दिलं होतं. ती जूनपर्यंत चालली होती.

शिक्षेच्या वेळी जे झालं त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. मार्गदर्शक तक्त्यानुसार ५१ ते ६३ महिने निघत होते. म्युलर यांच्या चमूशी तो सात वेळा बसला, आणि त्यांनी त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं. मॅनहॅटनच्या वकिलांनी मात्र भरीव तुरुंगवास मागितला. कारण सहकार्याची त्यांची अट कडक आहे: माफीच्या साक्षीदारासारखी सवलत हवी असेल तर आयुष्यात केलेले सगळे गुन्हे, त्यांना माहीत नसलेलेही, सांगायचे, इतरांबद्दल जे ठाऊक आहे तेही सगळं सांगायचं. नंतर रीतसर करार होतो आणि सरकार न्यायाधीशांना शिक्षा घटवण्याचा अर्ज देतं. कोहेननं निवडक सांगितलं आणि पूर्ण चौकशीला नकार दिला. त्यामुळे तो अर्ज आलाच नाही. पॉली यांनी १२ डिसेंबरला ३६ महिने दिले, खोट्या साक्षीचे दोन महिने त्याच्याच बरोबरीनं भोगायचे, जवळपास चौदा लाखांची भरपाई, पाच लाखांची जप्ती आणि एक लाख दंड. अर्धं सहकार्य केलं तर अर्धा फायदा मिळतो असं समजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

वकिलांच्या फीचा मुद्दा कमी बोलला जातो. सुरुवातीला कोहेनच्या बचावाचा खर्च ट्रम्प ऑर्गनायझेशन करत होती. तो थांबल्यावर त्यानं २०१९मध्ये एकोणीस लाख डॉलरसाठी दावा लावला आणि २०२३मध्ये तडजोड झाली. आरोपीच्या वकिलाची फी ज्याच्याविरुद्ध आरोपी साक्ष देऊ शकतो त्यानंच भरायची, ही व्यवस्था कायद्यानं बंद नसली तरी धोक्याची असते. पैसे थांबले त्या दिवशी निष्ठेचं काय होतं ते या प्रकरणात दिसलं.

६ मे २०१९ला कोहेन ओटिसव्हिलच्या तुरुंगात गेला. करोनाच्या साथीत, मे २०२०मध्ये, त्याला घरी पाठवलं. जुलैत घरच्या कैदेच्या अटींचा कागद पुढे आला, त्यात माध्यमांशी बोलायचं नाही, पुस्तक लिहायचं नाही असं होतं. त्यानं प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी बेड्या घालून त्याला परत नेलं. दोन आठवड्यांनी न्यायाधीश अ‍ॅल्विन हेलरस्टीन यांनी हा सूड आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढून त्याला सोडायला लावलं. गुन्हेगार असला तरी अटीबद्दल विचारणा करण्याचा हक्क त्याला आहे, आणि हेलरस्टीन यांनी तो जपला हे मला फार मोलाचं वाटतं.

सनद तर २६ फेब्रुवारी २०१९लाच गेली होती, आणि तीही वेगळ्या चौकशीशिवाय. न्यूयॉर्कच्या कायद्यात राज्याच्या गंभीर गुन्ह्याच्या तोडीचा फेडरल गुन्हा सिद्ध झाला की सनद आपोआप रद्द होते. काँग्रेसला खोटं सांगणं त्यात बसलं. सनद रद्द धरली गेली ती कबुलीच्या दिवसापासून, २९ नोव्हेंबर २०१८पासून.

शिक्षा संपल्यावर देखरेखीचा काळ लवकर संपावा म्हणून त्यानं अर्ज केला. अर्जात तीन निकालांचे दाखले होते आणि तिन्ही अस्तित्वातच नव्हते. ते कोहेननं गूगलच्या बार्ड या एआय चॅटबॉटमधून काढले होते, आणि त्याच्या वकिलानं न तपासता दाखल केले. न्यायाधीश जेसी फर्मन यांनी मार्च २०२४मध्ये दोघांना दंड केला नाही, पण अर्ज फेटाळला. कारण दुसरं होतं: ट्रम्प यांच्याविरुद्ध न्यूयॉर्क राज्यानं लावलेल्या दिवाणी खटल्यात २०२३मध्ये कोहेननं शपथेवर सांगितलं होतं की करचुकवेगिरीची आपली कबुली खरी नव्हती. म्हणजे एकतर पॉली यांच्यासमोर तो खोटं बोलला किंवा आता बोलला, असं फर्मन यांनी लिहिलं.

न्यूयॉर्कमध्ये सनद गेलेल्या वकिलाला सात वर्षांनी ती परत मागता येते. त्याला ठोस पुराव्यानं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: सनद रद्द करणारा आदेश पाळला, चारित्र्य वकिलीला साजेसं आहे, आणि त्याला परत घेणं लोकांच्या हिताचं आहे. कोहेननं असा अर्ज केला तर दुसऱ्या मुद्द्याखाली फर्मन यांचा तो आदेश त्याच्याविरुद्ध लागणारच.